दामदुपट आणि सावकारी खतें

जुन्या दप्तरांत कर्जखतें विपुल सांपडतात. परंतु दामदुपटीचा नियम ध्यानांत न घेतां तीं वाचल्यास घराण्याच्या सांपत्तिक स्थितीविषयीं भलतेंच अनुमान निघतें. म्हणून त्याचें स्वरूप येथें थोडक्यांत देतों.

एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक नसावें, हें या नियमाचें सार. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत (श्लोक १५१) तो आला आहे. तेथील ‘सकृत्’ हें पद आमच्या मतें सर्व मर्म होय. वर्षानुवर्षें पोंचलेलें व्याज कितीही होवो, त्यास बाध नाहीं. तुंबलेल्या व्याजासच ही मर्यादा. धान्यास मनु पांचपट म्हणतो, याज्ञवल्क्य तिप्पट. तेव्हां धान्याचें खत रोकडीच्या मापानें मोजूं नये.

व्याजाच्या दरावरील निर्बंध १८५५ च्या कायद्यानें उठले. त्यासरशी दामदुपटही गेली, हें म्हणणें १८६२ सालीं स्थापन झालेल्या मुंबई हायकोर्टानें मानलें नाहीं. ऋणको हिंदु असावा, एवढी अट मात्र राहिली. दावा दाखल होतांच नियमाचा अंमल थांबतो, असेंही ठरलें. स्वस्थ बसणाऱ्या सावकारास यांत मोठा धोका होता. व्याज मुद्दलाशीं भिडलें कीं पुढील काळ फुकट जाई.

त्यावर तोड निघाली ती खत बदलण्याची. उभयतांच्या संमतीनें नवें खत झाल्यास मागील व्याज मुद्दलांत जमा होतें, हें न्यायालयासही मान्य होतें. शंभर रुपयांस सालीना बारा रुपये व्याज धरल्यास ८ वर्षें ४ महिन्यांत दोनशें होतात. तेव्हां खत बदललें आणि तितक्याच अवधीनें पुन्हां बदललें, तर तिसऱ्या खतांत चारशें मुद्दल दिसेल. कुणब्याच्या हातीं पडले शंभरच! १८७५ त पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील दंग्यांत लोकांनीं विशेषेंकरून खतेंच कां जाळलीं, हें यावरून उमजतें. १८७९ च्या दक्षिणी शेतकऱ्यांच्या कायद्यानें तर खतामागें जाऊन देवघेवीचा हिशेब मुळापासून तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला.

नियम अद्यापि मृत नाहीं. गहाणाच्या व्यवहारासही तो लागतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९८८ त दिला.

संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, ‘मागील खताची बाकी’ अशा अर्थाचे शब्द आढळल्यास आंकडा रोख दिलेली रक्कम म्हणून टिपूं नये; आणि त्याच नांवाचीं फाटकीं, रद्द झालेलीं खतें रद्दींत न टाकतां त्याच रुमालांत बांधावीं.