तुमच्या घरात वाघ कोण, कासव कोण?

माणसाला प्राण्याचं नाव देणं सोपं असतं. पण घरातल्या माणसाला असं नाव चिकटलं की संसारात काय घडतं?

असं एक घर डोळ्यांसमोर आणा. भिलाईच्या सुपेल्यात, जीई रोडवरून आत वळलं की दुसऱ्या गल्लीत. आजोबा तरुणपणी नागपूरकडून पोलाद कारखान्यात नोकरीला आले. उभी हयात सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये गेली आणि निवृत्तीनंतर त्यांनी सुपेल्यात दोन मजली घर बांधलं. आता ते नाहीत. मुलगा त्याच कारखान्यात तीन पाळ्यांमध्ये काम करतो. सून अमरावतीची, बी.एड. झालेली. चौथीत जाणारी एक मुलगी. आणि आजी.

एका रविवारी हे चौघं मैत्रीबागेत गेले. भारत आणि सोव्हिएत संघाच्या मैत्रीची खूण म्हणून १९७२ साली उभी राहिलेली ही बाग आणि तिथलं प्राणिसंग्रहालय भिलाईच्या कोणत्याही मुलाला नवं नसतं. पांढऱ्या वाघांसमोर नेहमीप्रमाणे गर्दी होती. तिथे मुलीला खेळ सुचला. ‘‘आजी म्हणजे वाघीण. बाबा भालू. आणि आई...’’ ती थोडी थांबली, ‘‘आई कासव!’’

सगळे हसले. अस्वलाला भालू म्हणणाऱ्या नातीच्या भिलाईच्या मराठीवर आजी नेहमीसारखी रागावली आणि वाघीण म्हटल्याबद्दल मनातून खूषही झाली. फक्त आई हसली नाही. रात्री मुलगी झोपल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, ‘‘मी कासव का हो?’’

‘‘अगं, पोर आहे ती. आणि खोटं काय आहे त्यात? काही विचारलं की तू आत जाऊन बसतेस.’’

माहेरी जाण्यासाठी तिने कपाटावरची बॅग काढून भरून ठेवली होती. परतीचं तिकीट मात्र काढलेलं नव्हतं. ही गोष्ट त्या घरात अजून कोणालाच माहीत नव्हती.

सुश्रुतापासूनची सवय

माणसाच्या स्वभावात प्राणी शोधायचा हा खेळ त्या मुलीने लावलेला शोध नव्हे. आपली भाषाच त्याने भरलेली आहे. गरीब स्वभावाची ती गाय, मुखदुर्बळ माणूस म्हणजे गोगलगाय, बोलून फिरणारा सरडा, गळ्यात पडला की सुटत नाही ती घोरपड. सासू वाघीण असते, नणंद नागीण असते आणि घरजावई पुष्कळदा नंदीबैल असतो. (सासऱ्यांसाठी मात्र मराठीत ठरलेला प्राणी नाही. ते बहुधा वर्तमानपत्राआड असल्यामुळे सुटले असावेत.)

आयुर्वेदाने तर हे शास्त्र म्हणूनच मांडलं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात वात, पित्त आणि कफ प्रकृतीच्या माणसांचं वर्णन करताना थेट प्राण्यांची यादी दिलेली आहे. वातप्रकृतीची माणसं बोकड, कोल्हा, ससा, उंदीर, उंट, कुत्रा, कावळा यांच्या वळणाची. पित्तप्रकृतीची साप, घुबड, मांजर, माकड, वाघ, अस्वल आणि मुंगूस यांच्यासारखी. कफप्रकृतीला सगळे मानाचे प्राणी मिळाले आहेत, सिंह, घोडा, हत्ती, बैल, हंस. चरकाने मनाचे सोळा प्रकार सांगितले, त्यातल्या एकाचं नाव ‘सार्प’ आहे. रागावला की शूर, एरवी भित्रा असा हा माणूस. आपापल्या घरात नजर टाका, सापडेल.

पंचतंत्रात विष्णुशर्म्याने याच्याही पुढची पायरी गाठली. त्याचे प्राणी नुसते स्वभावाचे नमुने नाहीत, ते एकमेकांशी वागतात. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री तोडतो तो दमनक नावाचा कोल्हा, आणि तेही इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगून. एकत्र कुटुंबात राहिलेल्या कोणालाही दमनकाची ओळख करून द्यावी लागत नाही. माकड आणि मगरीच्या गोष्टीत तर मगरीच्या बायकोच्या हट्टापायी जिवाभावाच्या मित्राचं काळीज मागायची पाळी येते. घर विरुद्ध मित्र हा तंटा दोन हजार वर्षांपूर्वीही होताच म्हणायचा.

पत्रिकेतले चौदा प्राणी

पण प्राण्यांचा सर्वात मोठा दरबार भरतो तो लग्न ठरवताना, आणि तोही बहुतेकांच्या नकळत. पत्रिका जुळवताना जे छत्तीस गुण पाहतात, त्यांपैकी चार गुण ‘योनी’चे असतात. प्रत्येक नक्षत्राला एक प्राणी वाटून दिलेला आहे. घोडा, हत्ती, मेंढा, साप, कुत्रा, मांजर, उंदीर, गाय, म्हैस, वाघ, हरीण, माकड, मुंगूस आणि सिंह असे एकूण चौदा. रोहिणी आणि मृग नक्षत्राची माणसं साप, उत्तराषाढाची मुंगूस. चित्रा आणि विशाखाचा वाघ, उत्तरा फाल्गुनीची गाय. दोघांची योनी एकच असेल तर चारपैकी चार गुण. साप आणि मुंगूस, गाय आणि वाघ, मांजर आणि उंदीर अशा वैराच्या जोड्या आल्या तर शून्य.

आता थोडा हिशेब करा. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. म्हणजे त्या दिवशी सुपेल्यात, सोलापुरात आणि सिंगापुरात जन्मलेली सगळी मुलं साप! त्यातलं कोण रागीट, कोण सोशीक, कोण घरात कसं वाढलं, याच्याशी या सापाचा काही संबंध नाही. निदान सुश्रुत माणसाकडे पाहून प्राणी ठरवत होता. इथे माणूस न पाहताच प्राणी ठरतो, आणि त्यावरून एखाद्या मुलीचं चांगलं स्थळ हातचं जातं.

भांडणातले पाच

पाश्चात्त्य देशांतही ही हौस आहे. गॅरी स्मॉली आणि जॉन ट्रेंट या अमेरिकन लेखकांनी कुटुंबातल्या माणसांचे चार प्रकार लोकप्रिय केले. हुकूम सोडणारा सिंह, मौजमजा करणारा ऑटर म्हणजे पाणमांजर, नियमाने काम करणारा बीव्हर आणि सर्वांना सांभाळून घेणारा गोल्डन रिट्रीव्हर कुत्रा. वाचायला गंमत वाटते, पण बीव्हर आपल्याकडे कोणी पाहिलेला नाही.

आपल्या घरांना जास्त लागू पडते ती मानसशास्त्रज्ञ डेव्हिड जॉन्सन यांची मांडणी. त्यांनी माणसं कशी आहेत हे न विचारता माणसं भांडणात कशी वागतात हे विचारलं. शार्क मासा समोरच्याला हरवूनच थांबतो. कासव भांडण टाळून कवचात शिरतं. टेडी बेअर नातं टिकावं म्हणून आपली इच्छा सोडून देतो. (टेडी बेअर हा प्राणी नव्हे, खेळणं आहे, पण सगळ्यांचं ऐकणाऱ्याचं शेवटी खेळणंच होतं.) कोल्हा अर्धं तुझं, अर्धं माझं करतो. आणि घुबड प्रश्न समोर ठेवून दोघांचंही समाधान होईल अशी वाट शोधतं. आपल्याकडे घुबडाला घरावर बसू देत नाहीत, तिकडे ते शहाणपणाचं लक्षण.

एकच माणूस साहेबांपुढे टेडी बेअर, बायकोपुढे शार्क आणि आईपुढे कासव असू शकतो. किंबहुना पुष्कळदा असतोच.

संसारात सर्वात जास्त दुखावते ती शार्क आणि कासवाची जोडी. एक बोलण्यासाठी मागे लागतो, दुसरा गप्प होतो. दुसरा गप्प झाला म्हणून पहिला आणखी मोठ्याने बोलतो. पहिला ओरडतो म्हणून दुसरा आणखी आत जातो. दोघांनाही मनापासून वाटतं की सुरुवात त्याने केली. अँड्र्यू क्रिस्टन्सन आणि क्रिस्टोफर हेवी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली नवराबायकोंना समोरासमोर बसवून याचा अभ्यास केला. बायकोला नवऱ्यात बदल हवा होता तेव्हा बायको मागे लागत होती आणि नवरा टाळत होता. पण नवऱ्याला बायकोत बदल हवा असलेला विषय निघाला, तेव्हा हा फरक उरला नाही. म्हणजे ज्याला काही बदलायला हवं असतं तो पाठपुरावा करतो आणि ज्याचं आहे त्यात बरं चाललेलं असतं तो विषय टाळतो. कोण कासव होणार हे स्वभावाइतकंच विषयावरही ठरतं.

सुपेल्याच्या त्या घरात हे पडताळून पाहा. सुनेला दुर्गच्या एका शाळेत नोकरी मिळत होती. तिने विषय काढला तेव्हा नवरा म्हणाला, ‘‘नंतर बघू.’’ दुसऱ्यांदा काढला तेव्हा तो नाईट शिफ्ट करून आला होता. तिसऱ्यांदा सासूबाई मध्ये बोलल्या, ‘‘सूनबाई, घरात काय कमी आहे?’’ त्यानंतर तिने विषय काढला नाही. तीन वेळा दार वाजवून ते न उघडल्यावर जी बाई आपल्या खोलीत गेली, तिला घराने कासव ठरवलं. पहिले तीन वेळा कवचात कोण होतं?

कासवाबद्दल एक साधी गोष्ट लहान मुलालाही माहीत असते. ते रागावून आत जात नाही, भिऊन जातं. कवचावर काठीने टकटक केल्याने आजवर एकाही कासवाने मान बाहेर काढलेली नाही.

पिंजऱ्यातले लांडगे

प्राण्यांवरून माणसांना नावं ठेवताना प्राण्यांबद्दल तरी आपली माहिती बरोबर असावी. ‘घरात एकाचाच शब्द चालला पाहिजे, जंगलातही तसंच असतं’ असं सांगणारे घरोघरी भेटतात. हे सांगताना लांडग्यांच्या कळपाचा दाखला हमखास दिला जातो. झुंजून इतरांना दाबणारा एक म्होरक्या, म्हणजे ‘अल्फा’.

त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. रुडॉल्फ शेंकेल या शास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७ साली त्यांच्या झुंजी आणि श्रेष्ठ-कनिष्ठपणा यांवर लिहिलं. डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकाने १९७० साली आपल्या गाजलेल्या पुस्तकात ही कल्पना घेतली आणि ती जगभर पसरली. पुढे मेक यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या एल्समिअर बेटावर अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांजवळ राहून काढले. तिथे त्यांना वेगळंच दिसलं. जंगलातला कळप म्हणजे बहुधा साधं कुटुंब असतं, आई, बाप आणि त्यांची लहानमोठी पिल्लं. म्होरकेपणासाठी झुंज नाही, आईबाप पुढे चालतात आणि पिल्लं मागे. झुंजी होत होत्या त्या पिंजऱ्यात, जिथे लांडग्यांना एकत्र कोंडलेलं होतं आणि निघून जायला वाट नव्हती. मेक यांनी १९९९ साली हे लिहून आपलीच चूक दुरुस्त केली. जुन्या पुस्तकाची छपाई थांबवावी म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते, ती २०२२ मध्ये थांबली. स्वतःचं खपणारं पुस्तक बंद करायला सांगणारा लेखक विरळाच.

म्हणजे ‘लांडग्याचा स्वभाव’ म्हणून जे जगाने मानलं, तो बराचसा जागेचा गुण होता.

दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, दोन बायका, आणि तीन पाळ्यांत फिरणारा एक पुरुष. नाईट करून सकाळी घरी आलेल्या माणसाला लोक अस्वल म्हणतात. त्याची रात्र भट्टीजवळ गेलेली असते आणि त्याच्या झोपेच्या वेळी गल्लीत भाजीवाला ओरडत असतो. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात हाच माणूस संध्याकाळी मुलीला सायकलवर बसवून जलेबी आणायला जातो. त्याचा कोणता आठवडा पाहून प्राणी ठरवायचा? भिलाईत १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून इथल्या कित्येक संसारांची भांडणं पाळीच्या वेळापत्रकाप्रमाणे होत आली असतील.

आणि वाघीण? सासू होण्याआधी ती चाळीस वर्षं कोणाची तरी सून होती. नवरा ड्यूटीवर, घरात एकटी, शेजारी तेलुगू, पंजाबी आणि बंगाली कुटुंबं, मराठी बोलायला चार घरं पलीकडे जावं लागे. स्वयंपाकघर एवढीच काय ती तिची हद्द. वाघ हा एकटा राहणारा आणि हद्द राखणारा प्राणी आहे हे खरं. पण हद्दीत दुसरं कोणी आलं की तो आधी गुरगुरतो. ते गुरगुरणं लढाईसाठी नसतं, लढाई टळावी म्हणून असतं.

बॅग

त्या घरात पुढे काय झालं? चमत्कार काही झाला नाही. नवऱ्याला बॅग दिसली, कारण ती कपाटावर नव्हती. तो नाईटला जायच्या गडबडीत होता, तरी डबा हातात घेऊन दारात दोन मिनिटं थांबला. ‘‘गुरुवारी माझी सुट्टी आहे,’’ तो म्हणाला. ‘‘झोप झाल्यावर संध्याकाळी बोलू. शाळेचं. आई देवळात गेली की.’’

‘‘आणि पुन्हा नंतर बघू म्हणालात तर?’’

‘‘तर मग जा.’’

गुरुवारी ते दोन तास बोलले. पहिला अर्धा तास नुसतं भांडण झालं. मुलीला शाळेतून कोण आणणार, दुर्गला जायची वेळ आणि त्याची पाळी एक आली तर काय, आजीला दुपारी एकटं कसं ठेवायचं, यांतल्या निम्म्या प्रश्नांना उत्तरं मिळाली. बॅगेतल्या चार साड्यांपैकी दोन परत कपाटात गेल्या, दोन तशाच राहिल्या. शाळेला जूनपर्यंत कळवायचं होतं.

आजी देवळातून आली ती थेट नातीजवळ जाऊन बसली. मैत्रीबागेला महिना होत आला होता, पण एक गोष्ट तिच्या मनात राहिली होती.

‘‘का गं, तू मला वाघीण म्हणालीस, ते चांगलं की वाईट?’’

नात गृहपाठातून मान वर न करता म्हणाली, ‘‘आजी, पांढरी की पिवळी ते आधी सांग.’’