न दिसलेल्यांची मोजदाद

बुद्धपौर्णिमा जवळ आली की चिखली-बुलढाण्याकडच्या निसर्गप्रेमींना ज्ञानगंगा अभयारण्यातल्या मचाणांचे वेध लागतात. बुलढाणा-खामगाव रस्त्यावरचं बोथ्याचं जंगल ज्यात येतं ते हे सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. रात्रभर चांदण्यात पाणवठ्याकडे डोळे लावून बसायचं आणि येईल तो प्राणी तक्त्यात लिहायचा. मग बातमी येते: बिबट इतके, अस्वलं इतकी, रोही इतके.

या रात्रीनं अनेक तरुणांना जंगलाची ओढ लावली, म्हणून तिचं मोल मोठं आहे. पण तो आकडा म्हणजे जंगलातल्या प्राण्यांची संख्या नव्हे. एकच अस्वल दोन पाणवठ्यांवर येऊन जातं आणि दोन म्हणून लिहिलं जातं. दुसरं त्या रात्री फिरकतच नाही. आदल्या दिवशी वळवाचा पाऊस पडला तर जागोजाग डबकी साचतात आणि निम्मं जंगल पाणवठ्याकडे येत नाही. जे दिसले ते लिहिणं सोपं आहे. जे दिसले नाहीत ते किती, हे शोधण्यासाठी वेगळी युक्ती लागते.

ती युक्ती शेततळ्यावर करून बघता येते. जाळं टाकून ६० मासे काढा, प्रत्येकाच्या शेपटीच्या पराला बारीकशी कात्री लावा आणि सोडून द्या. ते इतरांत मिसळले की पुन्हा जाळं टाका. आता ५० मासे आले आणि त्यांत खुणेचे १० निघाले, तर पाचांत एक खुणेचा झाला. खुणेचे एकूण ६०, म्हणजे तळ्यात सुमारे ३००. मात्र १० ऐवजी ५ च सापडले असते, तर उत्तर थेट ६०० वर गेलं असतं. पुन्हा सापडणारे थोडे असले की आकडा असा हेलकावतो. म्हणून ‘सुमारे’ किती, कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती, हे सांगितल्याशिवाय छापलेला अंदाज मी अर्धाच समजतो.

असल्याच त्रैराशिकावर लाप्लासनं १८०२ च्या सुमारास जन्मनोंदींवरून फ्रान्सची लोकसंख्या काढली. १८९६ मध्ये डेन्मार्कच्या पीटरसननं माशांना खुणा केल्या, १९३० मध्ये अमेरिकेच्या लिंकननं पायात वाळे घातलेल्या बदकांवरून हिशोब मांडला. दोघांची नावं या पद्धतीला चिकटली.

वाघाला असं जाळ्यात धरून सोडणं परवडत नाही. आपल्याकडे १९६६ पासून सरोज राज चौधरींच्या पद्धतीनं पावलांचे ठसे काचेवर उतरवून वाघ मोजत. प्रत्येक वाघाचा ठसा ओळखता येतो, असा त्यामागचा विश्वास. पण माती ओली की कोरडी, वाघ चालत होता की पळत होता, यानं ठसा बदलतो. आणि ‘एकही सुटला नाही’ हे गृहीतच धरलेलं. २००५ च्या सुमारास सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, तेव्हा या विश्वासाची किंमत देशाला कळली.

त्याआधीच, १९९५ मध्ये, उल्हास कारंथांनी नागरहोळेत दुसरी वाट दाखवली होती. वाघाच्या अंगावरचे पट्टे ही जन्मतःच मिळालेली खूण. कॅमेऱ्यात पहिल्यांदा आला तो ‘पकडला’, पुन्हा आला तो ‘पुन्हा पकडला’. डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा बांधावा लागतो. पुढे देशभराची गणना याच पायावर उभी राहिली. २००२ चा ठशांवरचा आकडा ३,६४२ होता, २००६ च्या फेरीचा अंदाज १,४११ आला. चार वर्षांत सव्वादोन हजार वाघ मेले, असा अर्थ अनेकांनी काढला. खरं तर मोजण्याची रीतच बदलली होती. २०२२ च्या फेरीत महाराष्ट्राच्या वाट्याला ४४४ वाघ आले.

या गणिताला अटी आहेत. खूण पुसली जाऊ नये. सगळे प्राणी सारख्याच सहजतेनं सापडावेत, किंवा तो फरक हिशोबात धरता यावा. आणि मोजणी चालू असताना कुणी बाहेरून येऊ नये, बाहेर जाऊ नये. ही शेवटची अट किती नाजूक आहे, ते आपल्याच जिल्ह्यानं पाहिलं. टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये त्यानं घर सोडलं, तेलंगणाच्या हद्दीतूनही तो फिरला आणि डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. शेतं, नाले, रस्ते ओलांडत एकूण ३,००० किलोमीटरहून जास्त चाललेल्या या ‘वॉकर’नं अभयारण्याची हद्द ही माणसाची रेघ आहे, हे सिद्ध केलं. म्हणून कॅमेऱ्यांची मोजणी थोड्या आठवड्यांत उरकतात. नव्या पद्धतीत तर कोणता प्राणी कोणत्या कॅमेऱ्यापाशी आला हेही गणितात घेतात. त्यावरून त्याच्या वावराचा आवाका कळतो.

आमच्यासारख्या शेतीच्या मुलखाला सगळ्यात जवळचा अभ्यास मात्र अकोल्याचा, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तिथे उसाच्या शिवारात कॅमेरे बांधले. बिबट्याचे ठिपके आणि तरसाचे पट्टे ओळखून २०१३ मध्ये त्यांनी अंदाज प्रसिद्ध केला: १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबट आणि जवळपास तितकीच तरसं. तीही माणसांच्या दाट वस्तीत! बिबट दिसला की ‘जंगलातून भरकटला’ म्हणण्याची आपली सवय या आकड्यांपुढे टिकत नाही. तो तिथलाच रहिवासी असतो. त्याला पिंजऱ्यात धरून दूर सोडण्याआधी हे कळायला हवं.

ज्ञानगंगेतला बिबट आणि तरस असे मोजता येतात. अडचण अस्वलाची आहे, आणि आपल्याकडे मोहफुलं वेचणाऱ्यांची, गुराख्यांची, पहाटे शेतात जाणाऱ्यांची गाठ पडते ती त्याच्याशीच. काळंभोर, केसाळ, छातीवरचा पांढुरका पट्टा वेगवेगळा असला तरी चार पायांवर चालताना कॅमेऱ्याला नीट दिसत नाही. रोही आणि रानडुकराला तर तेवढीही खूण नाही. अशा वेळी काटेरी तारेला अडकलेले केस किंवा विष्ठा गोळा करून डीएनएवरून प्राणी ओळखता येतो. खूण तिथे पेशीत असते, गणित तेच राहतं. हे काम महाग आहे, प्रयोगशाळा लागते, उन्हापावसात नमुने लवकर खराब होतात. तरीही अस्वलाच्या हल्ल्यांवर उपाय ठरवायचे असतील, तर पौर्णिमेच्या एका रात्रीच्या तक्त्यावर ते ठरू नयेत. त्याच पैशात आणखी चार मचाणं बांधण्यापेक्षा, बोथ्याच्या जंगलात दर उन्हाळ्याला त्याच त्या जागी नमुने गोळा करणारी वनरक्षकांची आणि गावातल्या पोरांची एक तुकडी तयार व्हावी, असं मला मनापासून वाटतं.