सेमाडोहला मूकपट दाखवायचा तर...

एन.एस.एस.चं शिबिर सेमाडोहला असेल, तर शेवटच्या रात्री सीडी लावण्यापेक्षा मूकपट दाखवा, तोही जिवंत वाद्यांच्या साथीने!

मूकपट म्हणजे गपगार सिनेमा, असं आपल्याला उगाच वाटतं. तेव्हा पडद्याजवळ पेटी-तबलेवाले बसायचे आणि चित्र बघत बघत वाजवायचे. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, सिनेमाच बोलू-गाऊ लागला आणि हळूहळू या मंडळींचं काम गेलं.

आता तो प्रकार मोठ्या थाटात परत आलाय. २००७ साली लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात आपला ‘प्रपंच पाश’ (१९२९) लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या साथीने दाखवला. संगीत नितीन सॉहनीचं. बोलपटाला मात्र भानगड फार. संवाद ठेवून नुसतं संगीत काढायचं, वर वाद्यवृंद चालवणाऱ्याच्या कानात ठोके द्यायचे. जुन्या सिनेमात सगळं एकाच ध्वनिपट्टीवर कालवलेलं, वेगळं कसं करणार?

म्हणून फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) घ्या. कृष्ण झालीय त्यांचीच मुलगी, मंदाकिनी. साथीला गावातले कोरकू ढोल-बासरीवाले. फक्त वेग सांभाळा, बरं का! सेकंदाला १६ चित्रांनी घेतलेली फिल्म २४ ने लावली की दीडपट पळते, मग कृष्ण नुसता टुणटुण उड्या मारतो. वादकांना फिल्म आधी दोनदा दाखवा. ढोल कुठे थांबवायचा ते तेच ठरवतील. लाउडस्पीकर लागतच नाही, आणि व्याघ्र प्रकल्पात तो नकोच. जनरेटर तेवढा लांब ठेवा, नाहीतर बासरी ऐकू यायची नाही.