दुकानाचा विमा व त्याचें त्रैराशिक

आपल्या शाळेंतील पुष्कळ मुलांचे वडील लहानमोठा धंदा करितात. कोणाचें किराणा मालाचें दुकान आहे, कोणाची पिठाची गिरणी, तर कोणाचा छापखाना. अशा कुटुंबाची जन्मभराची मिळकत बहुधा एकाच छपराखालीं सांठविलेली असते, व ती नाहींशी होण्यास एक ठिणगी किंवा नदीचा एक पूर पुरतो. दिनांक २२ जुलै २०२१ रोजीं चिपळूण येथें वाशिष्ठीचें पाणी बाजारपेठेंत शिरलें, तेव्हां कित्येक दुकानांतील माल चिखलास मिळाला. अशा प्रसंगीं विमा हा मोठा आधार होय. परंतु विमापत्र पेटींत असणें ही एक गोष्ट, व संकटकाळीं तें पुरेसें उपयोगीं पडणें ही दुसरी. या दोहोंतील अंतर कोठें पडतें हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विम्याचें तत्त्व साधें आहे. हजार दुकानांपैकीं कोणत्या दुकानास आग लागेल हें कोणीच सांगूं शकत नाहीं. पण वर्षभरांत थोड्या दुकानांस ती लागणार, हें अनुभवानें ठाऊक असतें. म्हणून सर्वांनीं अल्प रक्कम द्यावी, आणि त्या सामाईक निधींतून ज्याचें नुकसान झालें त्याचें तें भरून काढावें. या अल्प रकमेसच हप्ता म्हणतात. लंडन शहरांत १६६६ सालीं एका पाववाल्याच्या घरीं लागलेली आग भडकून सुमारें १३,२०० घरें जळालीं. त्यानंतर सुमारें पंधरा वर्षांनीं निकोलस बार्बन याच्या पुढाकारानें घरांच्या आगीचा विमा उतरविणारी कचेरी त्या शहरांत उघडली. आपल्याकडे मुंबई येथें १९१९ सालीं दोराबजी टाटा यांनीं न्यू इंडिया ॲश्युरन्स ही कंपनी स्थापिली.

आज लहान धंदेवाइकांची एक मोठी अडचण दूर झालेली आहे. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणानें त्यांच्याकरितां ठराविक नमुन्याचें विमापत्र लागू केलें आहे. त्याचें नांव ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’. एका ठिकाणची इमारत, यंत्रें, सामान व माल मिळून किंमत ५ कोटी रुपयांपर्यंत असेल, तर तें घेतां येतें. त्याहून मोठ्या, म्हणजे ५० कोटींपर्यंतच्या धंद्यास ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ हें विमापत्र आहे. आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणें, दंगल इत्यादि आपत्तींनीं झालेली हानि यांत येते. भाड्याच्या जागेंत दुकान असेल, तर इमारतीचा विमा मालकानें उतरविला म्हणून भाडेकऱ्याच्या मालास संरक्षण मिळत नाहीं. त्यानें आपल्या मालाचा विमा स्वतः उतरविला पाहिजे.

या विमापत्रांत काय येत नाहीं, तेंही जाणून घ्यावें. युद्धानें झालेली हानि, हळूहळू होणारी झीज व जाणूनबुजून केलेलें नुकसान यांची भरपाई मिळत नाहीं. विजेच्या दोषानें यंत्राची मोटर आपोआप जळाली, तर त्या मोटरची किंमत सहसा मिळत नाहीं. मात्र त्यापासून आग पसरून माल जळाला, तर त्या मालाची मिळते. चोरीविषयीं तर मोठा गैरसमज आहे. आग किंवा पूर यांसारखी आपत्ति आल्यावर सात दिवसांच्या आंत झालेली चोरी यांत येते; एऱ्हवीं कुलूप फोडून होणाऱ्या चोरीसाठीं निराळा विमा घ्यावा लागतो. दुकान बंद राहिल्यामुळें बुडालेल्या नफ्याचेंही तसेंच आहे.

आतां मुख्य मुद्दा. आपण पाटीवर जें त्रैराशिक सोडवितों, तेंच विम्याच्या भरपाईंत लागू होतें. समजा, एका दुकानांत २० लक्ष रुपयांचा माल आहे; परंतु हप्ता वांचविण्यासाठीं दुकानदारानें १० लक्षांचाच विमा उतरविला. पुरानें ४ लक्षांचा माल भिजला. दुकानदार म्हणेल, “विमा १० लक्षांचा, नुकसान ४ लक्षांचें, तेव्हां पूर्ण भरपाई मिळेल.” पण तसें होत नाहीं. २० लक्षांच्या मालापैकीं निम्म्याचाच हप्ता त्यानें भरला असल्यामुळें नुकसानीचाही निम्मा भागच, म्हणजे २ लक्ष रुपये, त्यास मिळतात. व त्यांतूनही विमापत्रांत ठरलेली थोडी रक्कम वजा होते. उरलेल्या निम्म्या भागाचा विमेदार तो स्वतःच ठरतो. वर सांगितलेल्या सूक्ष्म उद्यमाच्या विमापत्रांत शेंकडा १५ पर्यंतची उणीव माफ आहे. त्यापलीकडे हेंच गणित चालतें.

ही उणीव नेहमींच कंजूषपणानें राहते असें नाहीं. पुष्कळदां बँकेचें कर्ज काढतांना विमा उतरविला जातो, व तो कर्जाच्या रकमेपुरताच असतो. कर्ज ५ लक्षांचें व माल १५ लक्षांचा असला, तर संकटाच्या दिवशीं एकतृतीयांश भरपाई येते. तीही अगोदर बँकेच्या कर्जांत वळती होण्याचा संभव असतो. कांहीं वेळां धंदा वाढतो, दिवाळीपूर्वीं दुकान मालानें भरून जातें, आणि विम्याची रक्कम मात्र तीन वर्षांमागील तशीच राहते. दुसरी वखार भाड्यानें घेतली, पण तिचा पत्ता विमापत्रांत नोंदविला नाहीं, तर तेथील मालास संरक्षण उरत नाहीं. विमा हा पूर्ण विश्वासाचा करार आहे. जें खरें आहे तें सर्व आरंभींच सांगणें यांतच विमेदाराचें हित आहे.

म्हणून तीन गोष्टी कराव्या. पहिली, वर्षांतून एकदां तरी इमारत, यंत्रें व माल यांची निरनिराळी यादी करावी. मालाची किंमत विक्रीच्या भावानें न धरतां तो दुकानांत येऊन पडेपर्यंत झालेल्या खर्चाच्या हिशोबानें धरावी. दुसरी, खरेदीच्या पावत्या व हिशोब यांची एक प्रत दुकानाबाहेर ठेवावी. मालाबरोबर वहीही जळाली, तर हानि सिद्ध करणें कठीण जातें. तिसरी, आपत्ति आल्यास कंपनीस तत्काळ कळवावें, छायाचित्रें काढावीं, शाबूत माल वेगळा करून वांचवावा, पण खराब झालेला माल पाहणी करणारा अधिकारी येईपर्यंत फेकून देऊं नये.

विद्यार्थ्यांनो, या कामीं तुम्हीही वडिलांस साहाय्य करूं शकतां. सुटींतील एखाद्या दुपारीं त्यांच्याजवळ बसून विमापत्र आरंभापासून शेवटपर्यंत वाचून दाखवा, मालाची यादी करा, आणि त्या दोन आंकड्यांचें त्रैराशिक मांडा. उत्तरांत उणीव निघाली, तर ती आजच कळलेली बरी. वाढीव हप्त्याचा भार थोडा असतो; पण पूर ओसरल्यावर तीच उणीव कळली, तर ती भरून काढण्यास कित्येक वर्षांची कमाई लागते, व कधीं कधीं मुलांचें शिक्षणही त्यांत अडकून पडतें.