दुर्मीळ आजारांचे धोरण: एका निकालापासून आजवर

गोशे नावाच्या आजारात शरीरातले एक एंझाइम नीट काम करत नाही. न पचलेले स्निग्ध पदार्थ प्लीहा आणि यकृतात साचतात, मुलाचे पोट फुगते, हाडे ठणकतात. उपचार आहे: साधारण दर पंधरवड्याला शिरेतून ते एंझाइम द्यायचे, आणि तेही आयुष्यभर. 17 एप्रिल 2014 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने एका गरीब घरातल्या मुलाला हा उपचार मोफत देण्याचा आदेश दिल्ली सरकारला दिला. आजार दुर्मीळ आणि औषध महाग, एवढ्यावर सरकारला हात झटकता येणार नाहीत, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

न्यायालयांच्या या रेट्यातूनच 2017 मध्ये केंद्राचे पहिले धोरण आले. 100 कोटींचा निधी, त्यात केंद्राचे 60 टक्के आणि राज्यांचे 40 टक्के, अशी आखणी होती. पण आरोग्य हा राज्यांचा विषय, आणि हा भार उचलण्याची राज्यांची तयारी आधी अजमावलीच नव्हती. 2018 च्या अखेरीस ते धोरण गुंडाळले गेले. नवे धोरण मंजूर व्हायला 2021 चा मार्च उजाडला.

त्या धोरणाने आजारांचे तीन गट केले. एकदाच्या उपचाराने बरे होऊ शकणाऱ्या पहिल्या गटाला 20 लाखांपर्यंत मदत मिळणार होती. गोशेसारख्या, औषध असूनही आयुष्यभर प्रचंड खर्च मागणाऱ्या तिसऱ्या गटासाठी मात्र लोकवर्गणीचे पोर्टल. ज्या मुलांसाठी आईबापांनी न्यायालयाचे उंबरठे झिजवले, त्यांच्याच पदरात सर्वांत कमी पडले. मे 2022 मध्ये ही चूक अर्धी सुधारली: तिन्ही गटांना 50 लाखांपर्यंत मदत, मुंबईच्या केईएमसारख्या नेमलेल्या केंद्रांतून.

अर्धीच म्हणायचे, कारण एंझाइमचा डोस वजनावर ठरतो. मूल वाढते तसा खर्च वाढतो. मदतीची मर्यादा जागची हलत नाही. पैसे संपले की औषध थांबते आणि आटोक्यात आलेला आजार पुन्हा डोके वर काढतो.

या काळात सर्वांत मोठा दिलासा दिला तो देशात बनलेल्या औषधांनी. टायरोसिनेमिया या दुर्मीळ आजारावरच्या निटिसिनोन या औषधाचा वर्षाचा खर्च सुमारे 2.2 कोटींवरून 2.5 लाखांवर आल्याचे केंद्राने नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केले. एसएमए (स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी) या आजारावरच्या रिस्डिप्लाम या औषधाची बाटली सहा लाखांच्या घरात होती. पेटंटच्या वादात त्याच्या देशी आवृत्तीला मनाई करण्यास न्यायालयाने नकार दिल्यावर ऑक्टोबर 2025 मध्ये ती 15,900 रुपयांना आली.

या साऱ्या प्रवासातून एक गोष्ट मला निर्विवाद वाटते: मदतीचा आकडा वाढवत राहणे म्हणजे धोरण नव्हे. सरकारने सगळ्या रुग्णांसाठी एकत्रित खरेदी करून भाव पाडले पाहिजेत आणि देशी उत्पादनाला बळ दिले पाहिजे. निदानही लवकर व्हायला हवे. बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे काही थेंब टीपकागदावर तपासले, तर असे कित्येक आजार नुकसान होण्याआधीच कळतात. गोव्याने 2008 मध्येच अशी नवजात तपासणी सुरू केली होती. ती देशभर नेणे आणि उपचार सुरू झालेल्या मुलाचे औषध मध्येच न तोडणे, एवढी हमी सरकारने दिलीच पाहिजे. जोवर प्रत्येक मुलाच्या आईबापांना वकील गाठावा लागतो, तोवर आपल्याकडे धोरण आहे असे म्हणता येणार नाही.