विजेची बचत करणारे संगणन

संगणक ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारातून घ्यावा वा पुण्याच्या पेठेतून, ग्राहक त्याचा वेग आणि किंमत विचारतो. तो वीज किती घेतो, हे सहसा विचारीत नाही. एका घरापुरता हा प्रश्न लहान आहे. परंतु हजारो संगणक अहोरात्र चालविणाऱ्या केंद्रांना विजेचा खर्च ही मोठीच चिंता आहे. त्यावरील एक उपाय म्हणजे 'पुनर्रचनाक्षम संगणन' होय.

नेहमीचा प्रोसेसर कोणतेही काम करू शकतो. परंतु प्रत्येक पायरीला तो आज्ञा आणतो, तिचा अर्थ लावतो, आकडे आणतो आणि मगच बेरीज करतो. प्रत्यक्ष बेरजेस वीज थोडीच लागते; बरीचशी या ने-आणीत खर्ची पडते. विहिरीवरून घागरीने पाणी आणून एकेका रोपास घालावे, तसा हा प्रकार आहे.

एफपीजीए नावाच्या चिपमध्ये असंख्य लहान तर्कघटक आणि त्यांना जोडणारे तारांचे जाळे असते. कोणता घटक कोणास जोडावयाचा, हे चिप तयार झाल्यावरही ठरविता येते. शेतकरी पाट काढून दारे धरतो, म्हणजे पाणी वाफ्यावाफ्यांतून आपोआप फिरते. तसेच येथे आकडे वाहत जातात व वाटेतच गणित पुरे होते. पीक बदलले, की पाट नव्याने आखता येतात.

ही कल्पना अमेरिकेतील जेराल्ड एस्ट्रिन यांनी १९६० मध्ये मांडली. झायलिंक्स कंपनीने १९८५ मध्ये पहिली एफपीजीए चिप बाजारात आणली.

याचे आपल्याकडील उदाहरण पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे आहे. तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातील क्षीण लहरी टिपतात. ४०० मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा नोंदविण्यास प्रत्येक संकेताच्या सेकंदाला किमान ८० कोटी नोंदी घ्याव्या लागतात. हा ओघ प्रथम एफपीजीए चिपा हाताळतात व पुढील गणितासाठी ग्राफिक प्रोसेसरांकडे सोपवितात.

विजेचा हिशेबही बोलका आहे. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये १,६३२ संगणकांना अशा चिपांची जोड दिली. तेव्हा शोधफळांची क्रमवारी लावण्याच्या कामात प्रत्येक संगणकाची क्षमता ९५ टक्क्यांनी वाढली, तर विजेचा वापर सुमारे १० टक्केच वाढला.

मात्र हा सर्व रोगांवरील एकच उतारा नव्हे. पाट आखण्यास कुशल अभियंता व पुष्कळ वेळ लागतो. घडोघडी बदलणाऱ्या किरकोळ कामास नेहमीचा प्रोसेसरच बरा; आणि एकच काम कायमचे असेल, तर त्याकरिताच घडविलेली चिप याहूनही कमी वीज घेते. एकाच प्रकारचे गणित कोट्यवधी वेळा करावयाचे, पण पुढे ते बदलण्याचा संभवही आहे, अशा ठिकाणी ही पद्धती खरी उपयुक्त ठरते.

शिक्षकांनी हा विषय वर्गात पाटापाण्याच्या दृष्टान्तानेच सांगावा. कामाची आखणी नीट केली, तर श्रम व शक्ती दोन्ही वाचतात, हे शेतात जितके खरे, तितकेच संगणकातही खरे आहे.