झिरोला तंबूत राहायचंय? आधी परमिट, मग गमबूट

अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात २०१२ पासून संगीत महोत्सव भरतो, साधारण सप्टेंबरअखेर. पुण्या-मुंबईकरांचे बजेट इथे तिकिटापेक्षा प्रवासात कोलमडते. विमानाने इटानगर किंवा रेल्वेने नाहरलगून, पुढे घाटरस्त्याने शेअर सुमो. परतीचे भाडे रोखीत वेगळे ठेवा. इनर लाइन परमिट नसेल, तर तिकीट खिशात असूनही राज्यात प्रवेश नाही. ते ऑनलाइन काढता येते. छापील प्रत जवळ हवीच.

सामानात पहिला मान गमबुटांचा. भातशेतीचे खोरे, त्यात पाऊस. महागडे स्नीकर्स पहिल्याच संध्याकाळी चिखलात जातात. तंबू तिथे भाड्याने मिळतो, तो विमानातून नेण्याची हौस कशाला? त्या वजनात जाड जॅकेट, रेनकोट, पॉवर बँक आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले चार जोड कोरडे मोजे बसतात.